तसंच खायचं नसतं

यिरंबीचा जावई चांगला होता, आणि सगळा घोळ तिथेच झाला. वाईट असता तर तो थांबला असता.

त्याचं नाव या गोष्टीत येणार नाही. सासू जावयाचं नाव घेत नाही, त्याच्याकडे बघत नाही, त्याच्याशी बोलत नाही. तो समोरून आला तर वाट सोडून झाडीत शिरते, आणि त्यानंही तेच करायचं असतं. सहा वर्षांत यिरंबीनं त्याची पाठ पाहिली होती आणि चिखलातली पावलं पाहिली होती, उजव्या पायाची करंगळी जरा बाहेर गेलेली. आणि दर तीन-चार दिवसांनी ओढ्याकाठच्या जुन्या उंबराच्या बेचक्यात पानात गुंडाळून ठेवलेली वाम पाहिली होती, मधला जाड तुकडा. स्वतः शेपटीकडचं खाऊन सासूला मधलं ठेवणारा जावई साऱ्या डोंगरात दुसरा नव्हता, असं ती म्हणे. कुत्र्याला म्हणे, कारण जावयाची स्तुतीसुद्धा सासूनं माणसांपुढे करू नये.

ती राहत होती गोऱ्यांच्या घरी, प्रेंटिसच्या. गोरे तिला पॉली म्हणत. लोक विचारत, तिथे का राहतेस, त्यांनीच तर तुझा नवरा मारला. यिरंबी म्हणे, मी कुठे त्यांच्या घरी राहायला गेले, तेच माझ्या आईच्या जागेवर येऊन राहिले. ते खरंच होतं. जिथे प्रेंटिसचा गोठा होता, तिथे तिची आई जन्मली होती. म्हातारी आता आंधळी झाली होती, पण जागा सोडायला तयार नव्हती. धुण्याच्या खोपटामागे पालापाचोळ्याच्या झोपडीत बसून चिलीम ओढायची. आई हलेना म्हणून लेक स्वयंपाकघरात भांडी घासत होती. आणि गुरांवर नेमलेल्या डग्गनला हे ठाऊक होतं. त्यानं एकदा हसत हसत सांगून ठेवलं होतं, "पॉली, तू संध्याकाळी चुलीपाशी दिसली नाहीस, तर मी म्हातारीला गोळी घालीन. फुकटची कॉफी पिते." तो हसत बोलला म्हणून ते खोटं होतं असं नाही. डग्गन नेहमी हसतच असे.

त्या महिन्यात डोंगरातल्या तिच्या लोकांच्या वस्तीतल्या माणसांनी प्रेंटिसचे तीन बैल भाल्यांनी मारले. कांगारू गेले, रताळ्यांचे वेल गुरांनी तुडवले, मग माणसं खाणार काय? सगळ्यांना वाटलं आता बंदुका येणार. पण प्रेंटिसनं उलट निरोप धाडला: भांडण पुरे, एक माणूस बिनभाल्याचा पाठवा, पीठ देतो. कुणी यायला धजेना. शेवटी यिरंबीचा जावई आला.

तो कुंपणापाशी येताना दिसला तशी यिरंबीनं कमरेचं फडकं डोक्यावरून ओढून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाहेर प्रेंटिस काहीतरी गोड बोलत होता. डग्गनचं हसू ऐकू आलं. मग जावयाची पावलं, आता ओझ्यानं जड झालेली, ओढ्याच्या दिशेला गेली. यिरंबीनं फडकं खाली घेतलं तेव्हा कुंपणापाशी कुणी नव्हतं. ती वळून बघती तर डग्गन पोतं देताना हाताला चिंध्या गुंडाळून उभा होता हे तिला दिसलं असतं. पण रीत पाळणारी बाई होती, भिंतीकडे बघत राहिली.

मग कोंबडी मेली.

कोठारामागे एक कोंबडी पडली होती, पाय ताठ, मान मागे वळून पाठीला टेकलेली. यिरंबीला आनंदच झाला. मेलेली कोंबडी म्हणजे रस्सा, आणि हाडं म्हातारीला. ती पिसं उपटायला बसली तेवढ्यात डग्गन आला आणि पहिल्यांदाच हसला नाही.

"ती शिजवायची नाही. खोल खड्डा काढून पूर. आणि हात धू, पॉली. साबणानं धू."

सहा वर्षांत डग्गननं तिला हात धुवायला कधी सांगितलं नव्हतं. शेण काढून ती तशीच पीठ मळायला बसली तरी त्याला काही वाटलं नव्हतं. यिरंबीनं कोंबडी पुरली, हात धुतले, आणि धुता धुता तिला आठवलं. असे ताठ पाय तिनं पाहिले होते. गेल्या थंडीत तिची पिवळी कुत्री कुरणातला मांसाचा तुकडा खाऊन आली आणि अशीच धनुष्यागत वाकून मेली होती. रानकुत्र्यांसाठी ठेवलेलं मांस होतं ते. त्याची पांढरी पूड खोगिरांच्या खोलीत वरच्या फळीवर, डब्यात असे. यिरंबी पाणी आणायच्या निमित्तानं तिकडून गेली. फळीवर डबा नव्हता. उकिरड्यावर होता, रिकामा, आणि त्याच्या शेजारी पीठ माखलेला फावड्याचा दांडा.

एका कुत्र्याला चिमूटभर लागते, आणि डबा महिन्याच्या सुरुवातीला भरलेला होता. वस्तीत तिची मुलगी मुन्दाय होती, चार वर्षांचा नातू होता, पोटातलं एक होतं. एकूण बेचाळीस माणसं होती. यिरंबीनं बादली उचलली, म्हणजे पाण्याला चालली आहे असं दिसावं, आणि ओढ्याच्या वाटेला लागली. जिगा कुत्रा मागून आला. झाडी लागली तशी तिनं बादली टाकली आणि धावू लागली.

आता धावणं तिला जमत होतं. पण ज्याच्यामागे धावायचं, त्याला गाठायचं नाही असा नियम असला तर काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पहिल्या चढाच्या टोकावर तिला त्याची पाठ दिसली, खांद्यावर पांढरं पोतं. तिच्या पायाखाली काटकी मोडली. त्यानं मागे वळून बघितलं नाही. त्याला पावलावरून कळलं कोण आहे ते. शहाण्या मुलासारखा तो वाट सोडून वेताच्या जाळीत शिरला आणि पाठ करून उभा राहिला, सासूबाई पुढे जाव्यात म्हणून. यिरंबी थांबली. तो थांबला. ती पुढे जाईना म्हणून तो आणखी आत सरकला. काटे त्याच्या दंडात रुतत होते. ते बघून यिरंबीला स्वतःचाच राग आला. शेवटी त्यानं काय ओळखलं कोण जाणे, जाळीतूनच वाट काढत दुसऱ्या बाजूनं निघून गेला, पोत्यासकट, आणि आधीपेक्षा दुप्पट वेगानं.

दोनदा असं झालं. ती जितकी घाई करी तितका तो अदबीनं दूर जाई. एकदा ती सरळ ओरडायला गेली, तोंडही उघडलं. पण तिला पक्कं माहीत होतं, साध्या बोलीतला तिचा पहिला शब्द कानावर पडताच तो कान झाकून पळत सुटेल, आणि दुसरा शब्द झाडांनाच ऐकू जाईल. लाजही वाटली, हेही खरं. सहा वर्षं जे शरीरात मुरलं आहे ते एका सकाळी कसं जाणार?

ओढ्याशी मात्र तो थांबला. पाणी कमरेइतकं होतं, पोतं डोक्यावर घेऊन नीट बांधायला हवं होतं. यिरंबी उंबराच्या आड आली, खोडाला पाठ लावून उभी राहिली आणि जिगाला समोर बसवलं. जावई आसपास असला म्हणजे बोलायची बोली वेगळी असते, अदबीची. तिच्यात शब्द थोडे. साध्या बोलीत सापाच्या विषाला एक शब्द आहे, सडलेल्या मांसाला एक, चक्कर आणणाऱ्या फळाला एक, धुतल्याशिवाय न खायच्या रानबियांना एक. अदबीच्या बोलीत या सगळ्यांना मिळून एकच शब्द: कडू. मारणं हा शब्दच तिथे नाही. आणि खाऊ नकोस असं तोंडावर म्हणणं म्हणजे जावयाच्या थोबाडीत मारणं.

"जिगा," यिरंबी हळूहळू, एकेक शब्द सावकाश ठेवत म्हणाली, "गोऱ्यांच्या घरून जे निघालं आहे ते कडू आहे हो. फार कडू. कडू असतं ते तसंच खायचं नसतं. लेकराबाळांपासून दूर असावं."

पाण्याचा आवाज येत राहिला. मग ओढ्याकडून, पाठमोराच, जावई बोलला. तोही जिगालाच.

"जिगा, मोठ्यांना सांग, कानावर आलं. घाईनं कुणी तोंडात घालणार नाही. जे करायचं ते नीट करू. आणि सांग, उंबरात काही ठेवलं आहे, मुंग्या लागायच्या आत न्यावं."

यिरंबीला सुटल्यासारखं वाटलं. ती मुळांवर बसली. तो ओढा उतरून पलीकडच्या झाडीत दिसेनासा झाला तोवर ती बसून होती. बेचक्यात वाम होती, आजची, अजून ओली. म्हणजे सकाळी गोऱ्यांच्या बंदुकांसमोर जाण्याआधी हा मुलगा सासूसाठी मासा ठेवून गेला होता. ती रडली. मग बादली शोधून, भरून, दुपारच्या आत चुलीपाशी उभी होती. डग्गननं आत डोकावून पाहिलं आणि निघून गेला.

त्या रात्री तिला झोप आली नाही. जीव खाली बसत नव्हता आणि का ते कळत नव्हतं. पोतं त्यानं टाकून दिलं असणार. नीट करू म्हणाला. जे करायचं ते, म्हणाला. काय करायचं? ती कुशीवर वळे, पुन्हा उठून बसे. आईला उठवून सांगावं असं दोनदा मनात आलं. पण म्हातारी रीतीभातीला अशी कडक, की लेक जावयाच्या हाकेच्या अंतरावर जाऊन बोलली म्हटल्यावर आधी तासभर शिव्या ऐकाव्या लागल्या असत्या.

सकाळी म्हातारीनंच विषय काढला. वामेचा काटा दातांत अडकला होता, तो काढता काढता म्हणाली, "काल भिजून आलीस. वास येत होता ओढ्याचा. कुठे गेली होतीस?"

यिरंबीनं सगळं सांगितलं. कोंबडी, डबा, फावड्याचा दांडा, जाळी, कुत्रा. म्हातारीनं शिव्या दिल्या नाहीत. तिनं फक्त विचारलं, नेमकं काय म्हणालीस, शब्दाला शब्द सांग.

"कडू म्हणालीस?"

"म्हणाले."

"तसंच खायचं नसतं म्हणालीस?"

"मग काय म्हणू? खाऊ नकोस म्हणू? जावयाला?"

म्हातारीनं चिलीम खाली ठेवली. "पोरी, हेच आपण रानबियांबद्दल म्हणतो. कडू असतं, तसंच खायचं नसतं. आणि मग काय करतो?"

काय करतो ते दोन वर्षांच्या पोरालाही माहीत होतं. बिया भाजायच्या, गोगलगायीच्या शिंपल्यानं पातळ कापायच्या, वेताच्या करंडीत घालून वाहत्या पाण्यात रात्रभर धरून ठेवायच्या. ऊन डोंगरावरून खाली उतरलं की काढायच्या. तोवर कडूपणा निघून जातो. त्यावर तर सगळा डोंगर जगत होता.

"शहाणा मुलगा आहे," म्हातारी म्हणाली. "सासूचा शब्द खाली पडू देणार नाही. करंडीला आतून पानं लावली असतील, पीठ वाहून जाऊ नये म्हणून. स्वतः पाण्यात उभा राहिला असेल."

"पाण्यानं निघून जाईल ना गं?"

"तुझ्या कुत्रीनं खाल्लं ते मांस चार दिवस पावसात पडलं होतं."

बाहेर ऊन गोठ्याच्या छपरावर आलं होतं. यिरंबी उभी राहिली आणि पुन्हा बसली. म्हातारी बोलतच होती, जणू लेकीला पाठ म्हणून दाखवत होती. "आणि धुतलेलं आधी कोण चाखतं? ज्यानं धुतलं तो. बायका-पोरांआधी तो." ते यिरंबीला सांगायची गरज नव्हती. तिच्या नवऱ्यानं आयुष्यभर तेच केलं होतं, करंडीच्या तळाचं आधी, कारण कडूपणा राहिला तर तळाशीच राहतो.

"मी गेले तर संध्याकाळपर्यंत येणं होणार नाही," यिरंबी म्हणाली. "आणि डग्गन—"

"डग्गनचं मला सांगू नकोस. मला तुझ्या त्या स्वयंपाकघरात नेऊन बसव आणि हातात दोन ताटं दे. मी आपटत बसते. आत कुणीतरी काम करतंय एवढंच त्यांना ऐकायचं असतं, कोण ते कुठे बघतात? जिगाला माझ्यापाशी ठेव. त्याच्या गळ्यात दोरी बांध, मन झालं तर निघून येईन त्याला धरून."

यिरंबीनं तिला नेऊन बसवलं, ताटं दिली, जिगाच्या गळ्यातली दोरी मनगटाला बांधली. दारातून ती निघणार तोच म्हातारी म्हणाली, "ऐक. या वेळी कुत्र्याला सांगू नकोस. त्याच्या तोंडावर सांग. साध्या बोलीत सांग. नाव घेऊन सांग."

ज्या बाईनं सबंध जन्मात कुणा सासूला रीत मोडू दिली नव्हती, ती हे म्हणाली. त्यानं यिरंबी जास्त घाबरली. ती कोठारामागून वाकून निघाली. झाडीत शिरेपर्यंत तिच्या कानावर ताटं वाजत होती, जरा जास्तच जोरात.

वस्तीकडच्या डोंगरावर ऊन अजून माथ्यावरच होतं. ती धावताना वर बघे आणि खाली बघे. काल ज्या जाळीत तो शिरला होता तिथे वेताच्या काट्यांवर पोत्याचे दोन धागे होते. ओढा तिनं तशीच पाण्यात शिरून ओलांडला. जळवा चिकटल्या त्या तशाच ठेवल्या. अर्ध्या वाटेत ऊन उंच झाडांच्या शेंड्यांवर आलं. ती मनात शब्द जुळवत होती: विष आहे, खाऊ नकोस, फेकून दे. किती सोपे शब्द होते. काल ते तिच्या तोंडात होतेच, दातांमागे. नाव मात्र जुळत नव्हतं. ते मनात म्हणायला गेली तरी जीभ टाळ्याला चिकटत होती. मुन्दाय त्याला दिवसातून शंभरदा त्या नावानं हाक मारे. पोरं मारत. फक्त तिलाच ते कधी उच्चारायचं नव्हतं, आणि न उच्चारण्यातच तिची सगळी माया होती. हे गोऱ्यांना काय कळणार? त्यांना वाटे, या लोकांना कुणाबद्दल काही वाटतच नाही.

वस्तीपाशी पोचली तेव्हा ऊन नदीच्या दगडांवर आलं होतं. बायका चुलींवर पानं टाकत होत्या. मुन्दाय पोट सावरत उकिडवी बसली होती, पोर तिच्या पाठीला लटकलं होतं. सगळी वाट बघत होती. जरा बाजूला, खडकावर, तिच्याकडे पाठ करून जावई बसला होता. पुढ्यात ओली करंडी. तळाशी पिठाचा राखाडी गोळा राहिला होता, दोन मुठींचा. त्याचा हात करंडीत गेला आणि तोंडाकडे निघाला.

यिरंबीनं नाव घेतलं.

ते इतकं मोठ्यानं निघालं की नदीपलीकडचे पोपट उडाले. बायकांनी पोरांचे कान झाकले. मुन्दाय उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, काय हे?" आणि जावयानं मान वळवली. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यानं सासूकडे पाहिलं, सरळ, डोळ्यांत. डाव्या भुवईवर जुना व्रण होता. तो इतका तरुण असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"विष आहे," यिरंबी म्हणाली. "रानकुत्र्यांना घालतात ते. टाकून दे. धुऊन जात नाही ते, टाकून दे."

त्यानं बोटांवरचं पीठ खडकावर पुसलं. करंडी उचलून दूर सरकवली. मग पुन्हा पाठ केली आणि मान खाली घालून बसला, आणि बायकोला म्हणाला, "आईंना सांग, घाई केली नाही. सकाळी एकदा चाखलं होतं, कडू लागलं म्हणून परत पाण्यात धरलं. मघाशी एकदा चाखलं. आता तिसरी वेळ होती. कुणाला हात लावू दिला नाही. सांग."

मुन्दायनं सांगितलं. चार हात अंतरावर उभ्या असलेल्या आईला तिनं ते जसंच्या तसं सांगितलं, रडत.

मग त्याचा जबडा आवळला. पुढचं फार सांगत नाही. कुणी हात लावला की त्याचं शरीर धनुष्यासारखं ताणलं जाई. पोर रडलं तरी ताणलं जाई. म्हणून बाकीची सगळी माणसं मागे सरकली, पोरांच्या तोंडांवर हात ठेवून, आणि एवढ्या जणांत पानाचाही आवाज येईना. सासूपुढे त्याला स्वतःचं तोंड झाकता येत नव्हतं. दुसऱ्या कुणाला जवळ जाऊन झाकता येत नव्हतं. रीतीप्रमाणे यिरंबीनं वळायला हवं होतं. ती वळली नाही. शेवटपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तोही, डोळे हलवता येत होते तोवर.

त्या पिठाच्या गोळ्याचं काय करायचं यावर थोडी कुजबुज झाली. नदीत टाकलं तर मासे मरतील, खाली दुसरी वस्ती आहे. शेवटी खोल पुरलं, वर दगड रचले. जावयाला झाडाच्या सालीत गुंडाळून बरोबर घेतलं. ऊन कलायच्या आत यिरंबी आणि वस्तीतली एकेचाळीस माणसं वरच्या डोंगरात निघाली, जिथे घोडे चढत नाहीत. दुसऱ्या दिवशी प्रेंटिस, डग्गन आणि आणखी दोघे घोड्यांवरून वस्तीत आले, तोंडाला रुमाल बांधून. मेलेल्यांना जाळायला रॉकेल आणलं होतं. वरून एका माणसानं ते पाहिलं. त्यांना विझलेल्या चुली सापडल्या, दुसरं काही नाही.

यिरंबी आईची वाट बघत होती. तीन दिवसांनी जिगा आला. एकटाच. गळ्यात दोरी होती, ती मध्येच तुटलेली.

मुन्दाय आईशी वर्षभर नीट बोलली नाही. दुसऱ्या शब्दांत सांगितलं असतंस तर, एवढंच एकदा म्हणाली. यिरंबीच्या जागी मी असतो तर म्हटलं असतं, शब्दांना काय विचारतेस, ज्यांनी पीठ कालवलं त्यांना विचार. पण ती तसं म्हणाली नाही. तिनं ते स्वतःवरच घेतलं.

मेलेल्याचं नाव आमच्यात कुणी घेत नाही. बायको नाही, भाऊ नाही, लेक नाही. त्याचं नाव एका पक्ष्याचंही होतं. त्या पक्ष्याला तेव्हापासून डोंगरात सगळे 'पहाटे ओरडणारा' म्हणू लागले, आणि पोरांना जुना शब्द माहीतसुद्धा नाही. आता सगळेच सासूसारखे झाले, असं यिरंबीच्या मनात येई. पण तिचं उलटंच झालं होतं. सहा वर्षं जे तिनं जिभेवर येऊ दिलं नव्हतं, ते एकदा आलं आणि आता उतरेना. भाकरी चावताना येई, पाणी पिताना येई, नातवाला हाक मारायला तोंड उघडलं की आधी तेच येऊन उभं राही. ती दात आवळून ते आत ढकली.

पहाटे तो पक्षी ओरडला की ती उठून झऱ्यावर जाई. बायका आल्या नाहीत ना ते बघे. मग गुडघ्यांवर बसून तोंड वाहत्या पाण्यात बुडवी आणि पाण्याच्या आत ते नाव घेई, पुन्हा पुन्हा, श्वास संपेपर्यंत.